दुखलं तर हात वर करा

शिंप्यानं हात वर केला, तो डॉक्टरला दिसला, आणि डॉक्टर थांबला नाही. झालं ते एवढंच. खालच्या जबड्यातली मागची दाढ, पूर्वी कधीतरी भरलेली, आतून पुन्हा किडलेली. ती कोरून साफ करायची होती आणि काम संपत आलं होतं. खुर्चीच्या दांडीवरून शिंप्याचा डावा हात उठला, सुयांनी टोचून टोचून राठ झालेली बोटं हवेत उघडली. एवढ्या वर्षांच्या सवयीनं अशा वेळी डॉक्टरच्या हातानं आपणहून यंत्र बाहेर काढलं असतं. आज तो हात तिथंच राहिला. घट्ट, शांत, न ओढता, न सोडता. तोंडातून शब्दही आले, "झालं, झालं. एकच मिनिट." आणि शिंप्याचा हात खरोखरच हळूहळू खाली आला. तो खाली आल्याबरोबर डॉक्टरनं यंत्र बाहेर काढलं, आणि त्याला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं, पण ते या खोलीतलं नव्हतं. ते शहराबाहेरच्या घोड्यांच्या मैदानावरचं होतं.

शिंप्यानं चूळ भरली. एरवी हा माणूस तोंडात कापूस असतानासुद्धा बोलणारा. डॉक्टरच्या कोटाचे खांदे कसे बेंगरूळ उतरलेत आणि हे ज्यानं शिवलं त्याला कसं उलटं टांगायला हवं, हे दर खेपेला ऐकवल्याशिवाय उठायचा नाही. आज त्यानं पेला जागेवर ठेवला, ओठ पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, मी हात वर केला होता."

"हो का? लक्षात नाही आलं माझ्या."

"असू दे, असू दे. मलाच वाटलं असेल."

मदतनीस बाई नळी धरून शेजारीच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती वळली आणि धुतलेलीच हत्यारं पुन्हा धुवायला लागली. शिंपी पुढच्या खेपेची वेळ ठरवून गेला, जाताना नेहमीसारखं वाकून हसला, आणि डॉक्टर हातमोजे काढून नुसता उभा राहिला. समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतलेलं होतं: दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबतो. हे वाक्य तू झोपेतसुद्धा म्हणतोस, असं त्याची बायको म्हणायची. शहरात दातांचे डॉक्टर ढिगानं होते, त्याच्यापेक्षा साफ हाताचेही होते, पण घाबरट माणसं पत्ता विचारत विचारत याच्याकडे यायची, कारण हा थांबतो. बरोबरीच्या डॉक्टरांनी टिंगलही केली होती, की असा थांबत बसलास तर एकेका दाढेला वर्ष लागेल. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून यानं ते कानाआड केलं होतं. नियम कुठून आला ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा टपाल कचेरीत होते आणि त्यांच्या तळहाताला कायम लाखेचा वास यायचा. लहानपणी एकदा तो तळहात त्याच्या कपाळावर होता. लोखंडी खुर्ची, घाईतला कुणी डॉक्टर, खिडकीच्या काचेवर वाळलेले थेंब, आणि डोकं खुर्चीला दाबून धरणारा तो वास. "झालं, झालं राजा, एकच मिनिट," बाबा म्हणत होते, आणि ते एक मिनिट काही केल्या संपत नव्हतं. तो ओरडला होता, त्यानं पाय झाडले होते, हात उंच केला होता. तो उंच केलेला हात बाबांनी आपल्या दुसऱ्या हातात घेऊन प्रेमानं खाली ठेवला होता. बाबा दुष्ट नव्हते. दात काढायलाच हवा होता, गाल केवढा सुजला होता. मग केव्हातरी तो गप्प झाला. दुखायचं थांबलं म्हणून नव्हे, ओरडून काही होत नाही एवढं समजलं म्हणून. आणि गप्प झाल्याबरोबर कपाळावरचा हात सैल झाला. घरी आल्यावर बाबांनी सगळ्या गल्लीत सांगितलं, "हूं की चूं केलं नाही पोरानं. शहाणा आहे माझा." दुसऱ्या खेपेला तो आपणहून खुर्चीत चढून बसला आणि कुणी सांगायच्या आत त्यानं तोंड उघडलं. तो डॉक्टर हसला. बाबाही हसले असतील. त्यानं वळून पाहिलं नव्हतं, आणि पुढं बाबा असेपर्यंत कधी विचारलंही नाही.

"उरलेल्यांना उद्या बोलवा," तो मदतनीस बाईला म्हणाला. तिनं मान डोलावली. त्यानं कोट खुंटीला अडकवला, तोंडात बघायचा छोटा आरसा आणि कपाळाला बांधायचा दिवा खिशात टाकला आणि गाडी काढली. आपण हे का घेतलं, कुठं निघालो, हे त्याला नीट माहीत होतं आणि ते अजून शब्दांत यायला नको होतं. दुपारच्या रस्त्यावर गर्दी नव्हती. सिग्नलला शेजारच्या गाडीत एक आई मुलाच्या नाकाला रुमाल लावत होती आणि मूल मान फिरवत होतं, पुन्हा फिरवत होतं. त्याला वाटलं, फिरव, पोरा. जमतंय तोवर फिरव.

घोड्याचं वेडही त्याच वयातलं. गल्लीत पाववाल्याची गाडी यायची, तिला एक पोट सुटलेला तपकिरी घोडा. एकदा बाबांनी त्याला उचलून त्या घोड्याच्या पाठीवर ठेवलं होतं, गुडघ्याला धरून, त्याच लाखेच्या वासाच्या हातांनी. खाली सगळी गल्ली आणि मांड्यांखाली ते ऊन ऊन, हलणारं, श्वास घेणारं. पुढं शिक्षण, दवाखाना, संसार, आणि पन्नाशी दिसायला लागल्यावर एका रविवारी तो सहज म्हणून घोडेस्वारीच्या क्लबात गेला आणि मग जातच राहिला. बायको वाचनालयात काम करायची, तिच्या जिभेला धार होती. "लोक या वयात गुडघे सांभाळतात आणि तू गुडघ्यात घोडा धरायला निघालास," ती म्हणाली. आणि त्यानं स्वतःची घोडी घ्यायचं ठरवलं तेव्हा, "लग्नाला एवढी वर्षं झाली, आता हे वरातीमागून घोडं!" पण ती घोडी बघायला आली होती, आणि घोडीनं तिच्या पिशवीत तोंड घातलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली होती.

क्लबात शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "डॉक्टर, तयार घोडा घ्या. ही पोरसवदा आहे, पाठीवर माणूस म्हणजे काय ते हिला नीट ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ठाऊक नाही, राग मानू नका." राग त्यानं मानला नव्हता, पण हट्ट धरला होता. त्याला तयार काही नको होतं. दुसऱ्यानं दमात घेऊन शिकवलेला, आज्ञा ऐकणारा प्राणी त्याला नको होता. कुठल्याही जिवाला न दुखवता शिकवता येतं, हे त्याला या एका घोडीपुरतं तरी करून बघायचं होतं. घोडी गडद तपकिरी, नाकाचा शेंडा तेवढा दौतीत बुडवल्यासारखा काळा. म्हणून तिचं नाव शाई.

पहिले दिवस आठवले की अजून त्याच्या हातांना बरं वाटायचं. दवाखान्याच्या आधी, पहाटेच्या थंडीत, तिला खरारा करताना तिच्या अंगातून उठणारी वाफ. पाठीवर नुसती घडी केलेली चादर ठेवायची. तिनं कातडी थरथरवली की काढायची, फुंकर घालायची, पुन्हा ठेवायची. मग खोगीर. मग खोगिरावर पोट टेकून नुसतं ओणवं राहायचं, गव्हाच्या पोत्यासारखं. एका सकाळी तो पाय पलीकडे टाकून बसला आणि ती मान वळवून त्याच्या बुटाकडे बघत राहिली, हे काय इथं, अशा चेहऱ्यानं. त्याची गाडी फाटकात वळली की ती तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान बाहेर काढून खिंकाळायची. क्लबातले लोक म्हणायचे, डॉक्टर, तुमची बायको हाक मारतेय. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं, तरी बायकोला कळलंच.

आणि मग डावं वळण. सरळ ती छान चालायची, उजवीकडे वळायची, पण डावा लगाम जरा हातात घेतला की डोकं उडवायची. एकदम वर, इतकं वर की आयाळ त्याच्या तोंडावर यायची. तो लगाम सोडायचा. थांबायचा, उतरायचा, कपाळ चोळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडे गेले तरी घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना, आणि ही म्हण मनातल्या मनात घोळवून तो हसत होता तेवढ्यात मास्तर कुंपणाच्या फळीवर हात टेकून म्हणाले, "ती डोकं उडवते, तुम्ही लगाम सोडता. म्हणजे ती काय शिकली, सांगा बघू."

"की दुखलं तर मी थांबतो."

"दुखतंय कुठं? घेताना घोड्यांच्या डॉक्टरनं तपासलीय ना? ठणठणीत आहे. नाटकं आहेत ही, डॉक्टर. डोकं उडवलं की काम बंद, हे तुम्हीच शिकवलंत तिला. घोडा ओढण्यानं शिकत नाही, सोडण्यानं शिकतो. चुकीच्या वेळी सोडलंत की चुकीचंच शिकणार. हात खोगिराला टेकवा, ओढू नका, पण सोडूही नका. ती डोकं खाली आणेपर्यंत थांबा. खाली आलं, की त्या क्षणी सोडा."

मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं. घोड्यांना सगळीकडे असंच शिकवतात, आणि बहुतेक घोड्यांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. डॉक्टरला पटलं होतं, आणि पटण्यामागे आणखीही काही होतं: तो कंटाळला होता. फळीशी उभे राहून बघणारे लोक, त्यांचं ते समजूतदार हसू, आणि दिवसभर दवाखान्यात दुसऱ्याच्या हाताकडे बघत थांबायचं, तेच इथंही. आयुष्यात एकदा तरी आपल्याला पुढं जाता यावं असं त्याला वाटलं होतं. त्यानं हात खोगिराला टेकवला.

ते दिवस त्याला आता गाडी चालवताना एकेक करून आठवत होते. डावा लगाम, डोकं वर, हात तिथंच. तिनं मान इकडून तिकडे फेकली, जबडा वाकडा केला, मागं सरकत कुंपणावर आदळली, हात तिथंच. एकदा ती मागच्या पायांवर उभी राहिली, तो आयाळीला लटकला, आणि ती खाली आली तेव्हाही लगाम हातात तसाच होता. "झालं, झालं, एकच मिनिट," तो तिच्या घामेजलेल्या मानेशी म्हणत होता. हे शब्द कुणाचे, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. मग एका सकाळी तिनं डोकं वर न्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. काहीतरी ठरवल्यासारखी थांबली. आणि डोकं खाली आणून अलगद डावीकडे वळली. त्यानं तत्क्षणी लगाम सोडला. फळीशी असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर म्हणाले, "शाब्बास! शहाणी झाली घोडी," आणि डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं आलं. ते आठवलं आणि त्यानं गाडी कडेला घेऊन थोडा वेळ उभी केली.

त्यानंतर सगळं भराभर जमत गेलं. दुडकी चाल, गोल, आठाचा आकडा, जमिनीवरच्या ओंडक्यांवरून जाणं. क्लबातल्या छोट्या स्पर्धेत तिला फीत मिळाली, तिचा फोटो दवाखान्यात लागला, आणि खुर्चीत बसणारा प्रत्येक जण तोंड उघडायच्या आधी त्याबद्दल विचारायचा. गाडी फाटकात वळली की खिंकाळणं मात्र थांबलं होतं. तो यायचा तेव्हा ती दाराकडे पाठ करून, डोकं कोपऱ्यात घालून उभी असायची. मोठी झाली, त्याला वाटलं होतं. पोरकटपणा गेला. बायको एकदा बऱ्याच दिवसांनी आली, तिनं पिशवी पुढं केली, घोडीनं ती हुंगलीसुद्धा नाही. "बरं नाही का रे तिला?" बायकोनं विचारलं. "शिस्त लागलीय," तो म्हणाला होता.

क्लबात दुपारी कुणी नसतं. घोडे एक एक पाय सैल सोडून पेंगत होते, माश्या घोंगावत होत्या. शाई कोपऱ्यात डोकं घालून उभी होती. त्यानं हाक मारली, ती वळली, हळू चालत आली आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. त्यानं कपाळाला दिवा बांधला. अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत घातला, जीभ बाजूला घेतली, आणि आयुष्यभर जे केलं ते करायला लागला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या हिरडीत मोकळी जागा असते, तिथं लगामाची सळई बसते. उजवीकडे हिरडी गुलाबी, गुळगुळीत. डावीकडे, वरच्या पहिल्या दाढेच्या पुढं, ती पांढुरकी आणि जाड झालेली होती. वरून दुसरं काही दिसत नव्हतं. त्यानं बोट फिरवलं आणि हिरडीच्या आत, कातडीखाली, एक टणक बारीक उंचवटा बोटाला लागला.

माणसाच्या तोंडात असला दात त्यानं किती वेळा शोधला असेल. वर न आलेला, आडवा, आतल्या आत रुतलेला. वरून कुणी दाबेपर्यंत त्याचा काही त्रास नसतो. आणि हा दाबला जात होता रोज, नेमका त्यावर, लोखंडानं, त्याच्या स्वतःच्या डाव्या हातानं. त्यानं उंचवट्यावर बोट जरा टेकवलं. घोडी हलली नाही. डोक्याचा केससुद्धा हलला नाही. फक्त डोळ्याच्या वरची कातडी आवळली गेली आणि श्वास थांबला. दवाखान्यात असं झालं की तो नेहमी माणसांच्या बुटांकडे बघायचा. ज्यांनी बोलायचं नाही असं ठरवलेलं असतं त्यांची पायाची बोटं आत वळलेली असतात. त्यानं बोट काढून घेतलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, कपाळाला दिवा बांधलेला असताना. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणाऱ्या माणसानं आपल्या घोडीच्या तोंडात एकदाही बोट घातलं नव्हतं. इथं त्याला तोंडं नको होती. आचाऱ्याला घरी आल्यावर चूल बघावीशी वाटत नाही, तसं. इथं त्याला पाठ हवी होती, वारा हवा होता, पाववाल्याच्या घोड्यावरची ती उंची हवी होती. आणि ती जेव्हा जेव्हा डोकं वर करत होती तेव्हा तेव्हा ती सांगत होती, दुखतंय, थांब. पहिल्यांदा तो थांबला होता आणि बघितलं नव्हतं. नंतर तो थांबलाही नव्हता.

घोड्यांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. "बाहेरून दिसण्यासारखा नव्हताच हा," तो म्हणाला, "मलाही दिसला नाही तेव्हा." गुंगीचं इंजेक्शन दिलं, घोडीची मान जड होऊन तिच्या मालकाच्या खांद्यावर आली, आणि दात निघाला. भोपळ्याच्या बीएवढा, बिनकामाचा. मास्तर बराच वेळ तो तळहातावर घेऊन बघत राहिले.

"डॉक्टर, मी म्हणालो होतो, नाटकं आहेत."

"हो."

"असतात पण नाटकं. दहातले नऊ घोडे नाटकंच करतात."

"हो ना."

"ही दहावी निघाली." त्यांनी दात परत दिला. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "चला, सुटली आता. जखम भरली की बसा खुशाल. शहाणी तर झालेलीच आहे."

घरी त्यानं तो दात बशीत ठेवला. बायकोनं चष्मा लावून पाहिला. त्यानं सगळं सांगितलं, शिंप्याचंसुद्धा. ती थट्टा करेल म्हणून तो वाट बघत होता. तिनं केली नाही. "काय यातना झाल्या असतील रे तिला," एवढंच म्हणाली. मग त्यानं विचारलं, "तुझं कधी असं केलं का गं मी? म्हणजे तू सांगतेयस, आणि मी आपला…"

"तू?" ती म्हणाली. "तू तर भांडण सुरू व्हायच्या आत लगाम सोडून पळतोस. माझ्या तोंडात अजून सगळे दात आहेत, काळजी नको." तिनं बशी त्याच्याकडे सरकवली. "पण तिला सांग काहीतरी. माफी माग."

"तिला काय कळणार?"

"शिकवायला निघाला होतास तेव्हा कळतं असं वाटत होतं ना?"

जखम भरली. त्यानं लोखंडाची सळई कायमची काढून टाकली आणि नाकावरून जाणारा मऊ पट्टा आणला, तोंडात काहीच जाऊ नये असा. ती त्यावरही तशीच चालली. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, मान खाली, कान स्थिर. आता दुखत नव्हतं हे त्याला माहीत होतं. पण दुखायचं थांबलं त्याच्या कितीतरी आधी तिनं सांगायचं थांबवलं होतं, त्यामुळं आता दोन्हींत काही फरकच दिसत नव्हता. खोगिराखाली एकदा गवताची काडी राहिली होती, काढल्यावर पाठीवर ओरखडा दिसला. तासभर ती त्या ओरखड्यासकट गोल गोल धावली होती. त्या दिवशी तो तिच्या पायांशी वाळूत बसून राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे शब्द त्यानं आजवर सहज वापरले होते, पुढं त्यानं ते वापरले नाहीत.

मग त्यानं उलटं शिकवायला घेतलं. तिच्यावर बसायचा, डावा लगाम केसभर हातात घ्यायचा आणि वाट बघायचा; तिनं कान जरी हलवला, शेपूट जरी झटकली, तरी लगेच सोडायचा, उतरायचा, कपाळ चोळायचा. वर कर डोकं, एकदा तरी वर कर, तो मनात म्हणायचा. फळीशी उभ्या असलेल्यांना गंमत वाटायची. डॉक्टर घोडीला बिघडवायला शिकवतायत, कुणीतरी म्हणालं, आणि तोही हसला, कारण ते खरं होतं. मास्तर हसले नाहीत. ते फळीवर हात टेकून बघायचे आणि निघून जायचे. कान कधी कधी हलायचा. माशी असायची.

शिंपी ठरल्या वेळी आला. आल्या आल्या त्यानं डॉक्टरचा कोट मागितला, दोन्ही खांदे उसवून नीट करून आणतो म्हणाला, हे तुमचे असे लोंबलेले खांदे मला झोप येऊ देत नाहीत. डॉक्टरला फार बरं वाटलं. शिंपी खुर्चीत बसला आणि डॉक्टर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला, डोळ्याला डोळा भिडेल असा. "त्या दिवशी तुम्ही हात वर केला होता," तो म्हणाला. "मी पाहिला होता. पाहूनही थांबलो नाही. चुकलं माझं."

"अहो, छे छे! काय हे डॉक्टर!" शिंपी एवढा अवघडला की अर्धा उठलाच. "तुम्ही बरं व्हावं म्हणूनच करता ना? चालू द्या तुम्ही."

"आज दुखलं तर वर कराल?"

"करीन की," शिंपी म्हणाला. मग तो मागं टेकला आणि त्यानं दोन्ही हात पोटावर ठेवून बोटांत बोटं गुंतवली. काम होईपर्यंत ती बोटं सुटली नाहीत. डॉक्टर मध्ये मध्ये आपणहून थांबत होता, विचारत होता, आणि दर वेळी तो गृहस्थ भरल्या तोंडानं चालेल, चालेल असं म्हणत होता. मदतनीस बाईनं एकदा डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं शिंप्याच्या बुटांकडे पाहिलं नाही. त्याला बघवेना.

त्यानंतरच्या सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर क्लबात गेला. खोगीर घेतलं नाही, पट्टाही घेतला नाही. आज बसायचं नाही, असं ठरवूनच आला होता. नुसतं तिच्याजवळ उभं राहायचं, काही मागायचं नाही, काही शिकवायचं नाही. थंडी होती. तबेल्यात गवताचा आणि लिदीचा उबदार वास होता, आणि घोडी कोपऱ्यातून वळून त्याच्याकडे चालत आली. तिच्या काळ्या नाकाला गवताची एक काडी चिकटली होती. काय झालं कुणास ठाऊक, पण त्याला बाबा आठवले: त्या दुसऱ्या खेपेला, तो आपणहून तोंड उघडून बसला असताना, बाबा खरंच हसले होते का? की दाराशी उभे राहून ते त्याच्या उघड्या तोंडाकडे असेच बघत राहिले होते, रिकामे हात घेऊन, आणि काय बोलावं ते त्यांना सुचलं नव्हतं? विचारायला हवं होतं. बाबांनीही कदाचित कुणी विचारायची वाट पाहिली असेल.

ती काडी काढायला म्हणून त्यानं हात पुढं केला. हात अजून तिच्या गालापाशी पोचलाही नव्हता. शाईनं मान खाली आणली, अगदी त्याच्या हाताच्या उंचीवर, डोळे जरा मिटले आणि तोंड उघडलं.

तो तसाच उभा राहिला. माझ्या हातात काही नाही, हे तिला कसं सांगावं ते त्याला कळेना. आणि ती तोंड उघडून वाट बघत होती.